तारणाची किंमत आणि तारणाचे नाते

'तारण' हा मराठी शब्द दोन क्षेत्रांत वावरतो. रायपूरच्या गोल बाजारासारख्या पेठेत मराठी भाषक तो उच्चारतो, तेव्हा कर्जापोटी ठेवलेली वस्तू त्याला अभिप्रेत असते. प्रार्थनामंदिरात त्याच शब्दाचा अर्थ पापातून झालेली सुटका असा होतो. हे द्व्यर्थित्व केवळ भाषिक योगायोग नव्हे. 'नव्या करारा'तील मुक्तिविषयक ग्रीक शब्दांपैकी एक क्रियापद बाजारवाचक 'अगोरा' या नामापासून सिद्ध झाले असून त्याचा अर्थ 'विकत घेणे' असा आहे. ख्रिस्ती मुक्तिविचाराच्या मुळाशी, अशा रीतीने, व्यवहाराची एक प्रतिमा आहे.

या प्रतिमेचा कस मराठीत 'खंडणी' या शब्दापाशी लागतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातील, दास वा बंदी यांच्या सुटकेचे मोल दर्शविणाऱ्या 'लुत्रोन' या शब्दासाठी मराठी बायबलने 'खंडणी' हा शब्द योजला. मराठी इतिहासात खंडणी घेणारा हा आक्रमक असतो. साहजिकच ख्रिस्ताच्या प्राणाची खंडणी कोणाला दिली गेली, हा प्रश्न मराठी वाचकाला अधिक तीव्रतेने भिडतो. ओरिगेनने ती सैतानाला दिल्याचे मानले. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मने देवाच्या अवमानित प्रतिष्ठेची भरपाई, असा निराळा उलगडा केला. पहिल्या मतात सैतानाला हक्क प्राप्त होतो, तर दुसऱ्यात देव सावकारासारखा भासण्याचा धोका संभवतो.

बलिदानाचा प्रश्नही असाच बिकट आहे. इब्री लोकांस पत्रात वारंवार करावयाच्या पशुबलीच्या जागी एकदाच आणि कायमचे झालेले आत्मार्पण येते. मराठी संतपरंपरेने यज्ञापेक्षा नामाला आणि कर्मकांडापेक्षा भूतदयेला श्रेष्ठ मानले होते. होशेय संदेष्ट्यानेही यज्ञापेक्षा दयेचीच अपेक्षा सांगितली. त्यामुळे या भूमीवर रक्ताच्या भाषेपेक्षा प्रेमाची भाषा अधिक सहज रुजणे स्वाभाविक होते. थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त ओवी आणि पुराणरचनेचा आश्रय घेतला, तो याच मनोभूमिकेला उद्देशून होय.

ना. वा. टिळक यांच्या कवितेत या प्रक्रियेची परिणती दिसते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे जाण्याचा मार्ग आपल्याला तुकोबांमुळे सापडला, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त हा न्यायासनासमोर दंड भरणारा जामीन नसून माउली आणि गुरू आहे. लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन' ही याच भक्तिदृष्टीची व्यापक मांडणी होय.

तथापि या रूपांतरात एक हानी संभवते. माउलीच्या वात्सल्यात 'किंमत' हा घटक विरघळला, तर पापाचे गांभीर्य उरत नाही आणि क्रूस ही करुणेची केवळ शोभा ठरते. ज्यांनी कर्जाची वा वेठीची गुलामगिरी प्रत्यक्ष भोगली, त्यांना सुटकेचे मोल कोणीतरी मोजले, हेच शुभवर्तमान वाटते. केवळ सांत्वन त्यांना अपुरे पडते.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट 'जुन्या करारा'तच सापडते. लेवीय 25व्या अध्यायातील 'गोएल' हा जवळचा नातलग आहे. भाऊबंदाची विकली गेलेली जमीन किंवा दास्यात गेलेला भाऊबंद सोडविणे हे त्याचे कर्तव्य मानले आहे. रूथच्या कथेत बवाज नगरवेशीवर वडीलधाऱ्यांसमक्ष असाच व्यवहार पूर्ण करतो. येथे मोल द्यावेच लागते. परंतु ते मोजणारा परका नसून सोयरा असतो. नाते आहे म्हणून किंमत दिली जाते. किंमत दिली म्हणून नाते जडत नाही.

या प्रकाशात 'खंडणी' आणि 'माउली' परस्परविरोधी राहत नाहीत. खंडणी हा शब्द तारणाचे मोल सांगतो, माउली हा शब्द ते कोणी व का मोजले हे सांगतो. मराठी ख्रिस्ती काव्याचे मूल्यमापन करताना केवळ भक्तिपरंपरेशी असलेले साम्य नोंदवून थांबणे म्हणूनच पुरेसे नाही. त्या काव्यात मोजलेल्या किंमतीची जाणीव कितपत शाबूत राहिली, हा प्रश्नही समीक्षेला विचारावा लागेल.