बच्चूला कोणी विचारलं?

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मुलांविना एकटे पडलेले नाना-नानी आहेत, ‘नातीगोती’त बौद्धिक दिव्यांग बच्चू आणि त्याचे थकलेले आईबाप. बच्चूचं काम अतुल परचुरे यांनी केलं होतं. दोन्ही नाटकं ताकदीची, पण आपल्या हाती रडण्यापलीकडे काही देत नाहीत. आईबापांचं दुःख कळतं, बच्चूला काय हवंय ते कळत नाही.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षकच नाटक थांबवतो, पात्राच्या जागी उभा राहून वेगळं करून दाखवतो. आमच्या जठारपेठेतल्या एखाद्या आजोबांनी नानांना शेवटच्या प्रवेशात थांबवलं तर? बच्चूची जागा खऱ्याच एखाद्या बच्चूनं घेतली तर? प्रयोग अडखळेल. अडखळू द्या. फक्त ‘बिचाऱ्यांनी छान केलं’ म्हणून टाळ्या नकोत. ते काय म्हणतात, त्यावर वाद घाला.