गेज चिलीला गेला, त्याचं काय?

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला 'वर्तनाचा जैविक आधार' असं एक प्रकरण असतं आणि त्यात फिनिअस गेज हमखास भेटतो. १३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू अवेळी पेटली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोंची लोखंडी पहार गेजच्या डाव्या गालातून शिरली आणि कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला. पण समंजस, कामसू मुकादमाचा लहरी, शिवराळ माणूस झाला. तात्पर्य : कपाळामागचा मेंदू दुखावला की माणूस बदलतो. पान उलटा.

त्याच वर्षी माझ्या मामाला मोटरसायकलचा अपघात झाला. डोक्याला मार. दीड महिन्याने घरी आला तो भाजी अळणी लागली म्हणून ताट भिरकावणारा, पाहुण्यांसमोर वाट्टेल ते बोलणारा मामा. मी मामीला मोठ्या शहाणपणाने गेजची गोष्ट सांगितली. "म्हणजे हे आता असेच राहणार?" तिने विचारलं. मी मान डोलावली.

पुढे आंतोनियो दामासिओ यांचं 'डेकार्ट्स एरर' (१९९४) वाचलं. गेजला नव्याने प्रसिद्धी देण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे, आणि पुस्तक आहेही दमदार. भावना ही विवेकाची वैरीण नाही, उलट तिच्याशिवाय रोजचे साधे निर्णयही धड घेता येत नाहीत, हे दामासिओ रुग्णांच्या उदाहरणांतून पटवतात. त्याच वर्षी हॅना दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये जपलेल्या गेजच्या कवटीवरून पहारीचा मार्ग संगणकावर आखला. या शास्त्राशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते गोष्ट सांगण्याच्या पद्धतीशी. पुस्तकात अपघात क्षणाक्षणाने उलगडतो, अधःपतनही ठसतं. गेजची चिलीतली वर्षं मात्र ओझरती येऊन जातात.

ती वर्षं गंभीरपणे घेतली ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी. त्यांचं 'ॲन ऑड काइंड ऑफ फेम' (२०००) वाचायला जड आहे, तपशिलांनी ठासून भरलेलं. पण वकिलासारखा एकेक पुरावा तपासत ते दाखवतात, की गेजच्या स्वभावबदलाचं डॉक्टर हार्लो यांनी केलेलं मूळ वर्णन फारच थोडक्यात आहे. तेही छापलं गेलं १८६८ मध्ये, गेज जाऊन आठ वर्षं झाल्यावर. बाकीचा मसाला पुढच्यांनी घातला. आणि १८५२ पासून सुमारे सात वर्षं हा 'कामातून गेलेला' माणूस चिलीत घोडे सांभाळत होता, सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. परकी भाषा, उतारू, सामान, वळणांचे रस्ते! कामाच्या ठरलेल्या शिस्तीने त्याला बरंच सावरलं असावं, असं मॅकमिलन म्हणतात. हा तर्क आहे. पुरावे तोकडेच आहेत. पण मेंदूच्या इजेबरोबर त्यानंतरचं जगणंही हिशेबात धरणारा आहे, म्हणून मला तो जास्त शास्त्रीय वाटतो. २००९ मध्ये गेजचं एक जुनं छायाचित्र उजेडात आलं. नीटनेटका पोशाख, एक डोळा मिटलेला, हातात तीच पहार. त्यात लाचारी कुठेच दिसत नाही.

मामीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण माझंही तिने ऐकलं नाही. तिने मामाला घरच्या पिठाच्या गिरणीत बसवलं. डबा वजन करायचा, नावाची चिठ्ठी लावायची, रांगेने ठेवायचा. पट्ट्याजवळ जायचं नाही. रोज तेच, त्याच वेळेला. मामा अजूनही चिडतो आणि पैशांचा हिशेब मामीच बघते. पण ताट भिरकावणं थांबलं. गिऱ्हाइकं त्याच्याशी गप्पा मारतात.

वर्तनाला जैविक आधार असतो, हे आमच्या घराने जवळून पाहिलंय. पाठ्यपुस्तकातलं ते प्रकरण काढून टाका असं मी म्हणणार नाही. फक्त गेजच्या गोष्टीत चिलीबद्दल चार ओळी जास्त हव्या होत्या. मामीने प्रश्न विचारला तेव्हा मी इतक्या सहज मान डोलावली नसती.