‘निवेदना’तील देह आणि चित्त

आत्मचरित्रात लेखकाच्या उन्नतीचा इतिहास असावा, ही अपेक्षा मराठी वाचकाच्या मनात फार खोल रुजलेली आहे. संतांच्या आत्मपर अभंगांनी ती रुजविली आणि सुधारकांच्या चरित्रांनी तिला लौकिक रूप दिले. या अपेक्षेबरोबर एक जिनाही गृहीत धरला जातो. पहिली पायरी देहाची, दुसरी मनाची, तिसरी आत्म्याची. एक पायरी मागे टाकली की दुसरी लाभते, आणि शेवटच्या पायरीवर पोचलेला पुरुष खाली वळून पाहत आपली कथा सांगतो. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) हेही बहुधा याच जिन्यावरून वाचले जाते. गोव्यातील साखवळ गावचा एक अशक्त, अल्पशिक्षित तरुण घर सोडतो, काशीत संस्कृत शिकतो, सिंहलद्वीपात भिक्षू होतो आणि अखेरीस पालीचा जगन्मान्य पंडित बनतो, असा तो आलेख आहे. हा आलेख खोटा नव्हे. परंतु ग्रंथ जे सांगतो त्यातील निम्म्याहून अधिक भाग त्यात हरवतो. ‘निवेदना’त देह मागे टाकला जात नाही, चित्ताचे प्रश्न सुटून जात नाहीत, आणि जिला आध्यात्मिक प्रगती म्हणावयाचे ती या दोहोंच्या अडवणुकीतूनच वाट काढते. या ग्रंथाची योग्यता शोधावयाची तर ती या अडवणुकीच्या निवेदनात शोधली पाहिजे.

कोसंबींचा जन्म १८७६ चा. लहानपणापासून प्रकृती नाजूक. शाळेचे शिक्षण जेमतेम. घरच्या नारळीच्या बागायतीची कामे गळ्यात पडलेली. लग्न पंधराव्या वर्षाच्या सुमारास झालेले. अशा स्थितीत ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख वाचनात आला आणि मनाने एकदम पकड घेतली. तुकारामाची गाथा त्याआधीच हाती आलेली होती. पुढल्या पंडिताचे बीज एका बालमासिकात सापडावे, यात त्या काळच्या मराठी नियतकालिकांचा केवढा गौरव आहे! पण या बीजाला लगेच अंकुर फुटला असे झाले नाही. घराबाहेर पडण्याचे प्रयत्न फसले, निश्चय झाले आणि मोडले. वडिलांच्या निधनानंतर १८९९ च्या अखेरीस ते निघाले तेव्हा घरी तरुण पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती.

येथून पुढे पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असा प्रवास आहे. प्रवासवर्णनाची हौस भागविणारा वाचक येथे निराश होतो. कोसंबींना निसर्ग दिसत नाही असे नाही. पण त्यांना आधी भूक दिसते. काशीत जेवण अन्नछत्रात, अंगावर वस्त्र बेताचे, आणि विद्या मिळवावयाची ती या दोन्ही गोष्टी सांभाळून. सिंहलद्वीपात धर्म गवसला, परंतु तेथील आहार देहाला मानवला नाही. भिक्षूने दोन प्रहरांपूर्वीच काय ते जेवावे, हा विनयाचा नियम. भिक्षापात्रात पडेल ते घ्यावयाचे, हीही रीत. ज्याला शाकाहाराची सवय आहे आणि ज्याची पचनशक्ती मुळातच दुबळी आहे, त्याच्या बाबतीत धर्माचा प्रश्न अशा रीतीने पोटाचा प्रश्न होतो. कोसंबी हे लपवीत नाहीत आणि त्याला तपश्चर्येचे उदात्त नावही देत नाहीत. प्रकृती बिघडली म्हणून गाव बदलले, असे ते साधेपणाने सांगतात. साधकाच्या चरित्रात असे वाक्य लिहिण्यास धैर्य लागते.

या ठिकाणी कोसंबींनी ज्या ग्रंथाला आयुष्य वाहिले त्याचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकातील पाली ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन भागांत मांडलेला आहे. वरवर पाहता हाही एक जिनाच वाटतो. पण समाधीच्या प्रकरणात शिरताच वाचकाची गाठ एका निराळ्याच यादीशी पडते. ध्यानाला बसण्यापूर्वी ज्यांचा उलगडा केला पाहिजे असे दहा ‘पलिबोध’ म्हणजे अडथळे तेथे सांगितले आहेत: आवास, दात्यांचे कुल, लाभ, शिष्यगण, बांधकामासारखे काम, प्रवास, आप्त, आजार, ग्रंथ आणि ऋद्धी. ही यादी हाती घेऊन ‘निवेदन’ वाचावे. प्रवास, आप्त, आजार आणि ग्रंथ हे चार अडथळे म्हणजे कोसंबींच्या आयुष्याची जणू अनुक्रमणिकाच आहे! ज्या ग्रंथाने ग्रंथालाच अडथळा म्हटले, त्याच्या संशोधित आवृत्तीसाठी हा मनुष्य १९१० मध्ये हार्वर्डला गेला. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ते काम लॅनमन यांच्या देखरेखीखाली त्याने हाती घेतले, त्यासाठी पुन्हा पुन्हा सागर ओलांडला. आणि ती हार्वर्ड आवृत्ती अखेर १९५० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

बुद्धघोष आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. साधकांच्या स्वभावाचे तो सहा प्रकार करतो आणि प्रत्येकाला कोणता निवारा, कोणते अन्न मानवेल तेही ठरवून देतो. ज्याच्यात आसक्ती प्रबळ, त्याला पडके, ओबडधोबड घर आणि निःसत्त्व अन्न हितकर. ज्याच्यात द्वेष प्रबळ, त्याला मात्र स्वच्छ, सुंदर घर आणि रुचकर अन्न मिळाले पाहिजे. म्हणजे कष्ट सोसणे हे सर्वांनाच औषध नव्हे. आधीच स्वतःवर रुष्ट असलेल्या मनाला ते विषही ठरेल. भारतीय साधनाविचारात देह आणि चित्त यांचे इतके व्यवहारी गणित क्वचितच मांडले गेले असेल. ‘निवेदना’च्या समीक्षेला येथे एक किल्ली सापडते.

कारण कोसंबींच्या गृहत्यागाविषयीचा खरा प्रश्न हाच आहे की ते वैराग्य होते की उद्वेग. शरीर साथ देत नाही, संसारात रस नाही, कर्तृत्वाला वाव नाही, आणि ज्या गावात आपण निरुपयोगी ठरलो ते गावच नकोसे झाले आहे, अशा तरुणाच्या मनात बुद्धाची ओढ उत्पन्न झाली तर ती ओढ कितपत निर्मळ मानावी? भाविक चरित्रकार हा प्रश्न विचारणार नाही. संशयी टीकाकार तो विचारून लगेच उत्तरही देईल. कोसंबींची थोरवी अशी की त्यांनी दोघांनाही पुरावा ठेवला. आपली चंचलता, खचलेपण, घराविषयीची उदासीनता आणि बुद्धाविषयीची निष्ठा या चारही गोष्टी ते एकाच सपाट सुरात सांगतात. कोणती कोणाचे कारण, याचा निवाडा करीत नाहीत. मागाहून मिळालेल्या ज्ञानाने आधीच्या गोंधळाला अर्थ देण्याचा मोह आत्मचरित्रकाराला नेहमी होतो. तो येथे बहुतांशी टाळला गेला आहे.

गांधीजींच्या ‘सत्यना प्रयोगो’शी तुलना केली तर हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. ‘नवजीवन’मध्ये १९२५ पासून क्रमशः आलेल्या त्या कथेत देह ही प्रयोगशाळा आहे. आहार, उपवास, मातीचे उपचार, ब्रह्मचर्य या प्रत्येक गोष्टीवर इच्छाशक्तीचा प्रयोग चालतो आणि त्याचा निष्कर्ष नोंदला जातो. १९१८ च्या आजारात शेळीचे दूध स्वीकारावे लागले तेव्हा व्रताचे शब्द राखले पण आत्मा दुखावला, ही त्यांची कबुली सुप्रसिद्ध आहे. ती कबुलीसुद्धा प्रयोगाचाच भाग बनते. कोसंबींचा देह असा आज्ञेत राहणारा नाही. तो प्रयोगाला बसत नाही. कुरकुरतो, आजारी पडतो, वेळापत्रक मोडतो. गांधीजींच्या ग्रंथात संकल्प नायक आहे. ‘निवेदना’त त्या जागेवर चिकाटी आहे, आणि चिकाटीला नायकाचा दिमाख नसतो. वाङ्मयीन दृष्ट्या गुजराती ग्रंथ अधिक नाट्यमय आहे यात शंका नाही. पण सामान्य, दुबळ्या प्रकृतीच्या माणसाला आपली ओळख पटेल ती मराठी ग्रंथात.

असे असले तरी ‘निवेदना’त एक पोकळी आहे आणि ती सौजन्याने झाकून ठेवण्याचे कारण नाही. ही पोकळी बाळाबाईंची आहे. सुमारे सात वर्षे तरुण पत्नीने तान्ह्या मुलीसह कशी काढली, हे ग्रंथातून कळत नाही. लेखकाला अपराधाची जाणीव नाही असे नव्हे. पण जाणीव असणे आणि दुसऱ्याच्या दिवसरात्री डोळ्यांपुढे उभ्या करणे या भिन्न गोष्टी आहेत. एकाच्या आत्मिक वाढीचे मोल दुसऱ्याच्या देहाने आणि मनाने भरले असेल तर ती नोंद कोणत्या खात्यात घालावयाची? आप्त हा पलिबोध आहे असे बुद्धघोष म्हणतो. तथापि आप्तांच्या दृष्टीने साधक हा काय आहे, याचा विचार त्या यादीत नाही.

मराठी वाङ्मयाचे भाग्य असे की या खात्याची दुसरी बाजू लिहिली गेली आहे, जरी ती दुसऱ्याच घरातली असली तरी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातून वारंवार नाहीसा होणारा, सत्याच्या शोधात १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेला पती आणि त्याच्यामागे आप्तांच्या आश्रयाने राहिलेली पत्नी, ही ती कथा. ‘निवेदना’त जे पान कोरे राहिले ते येथे भरलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. विशेष हे की लक्ष्मीबाईंची स्वतःची वाढही देहाच्याच मार्गाने होते. वडिलांचे सोवळ्याचे वेड, त्या वेडाने घरादाराचे झालेले हाल, आणि त्याच संस्कारात वाढलेल्या मुलीने पुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा केलेला निश्चय: जातिभेदाविषयीचा तिचा विचार प्रथम घशाखाली उतरतो, आणि धर्मांतर त्यानंतर येते. तत्त्वज्ञानाचा एक शब्द न उच्चारता त्या बाईंनी आंतरिक क्रांतीचे वर्णन केले आहे. कोसंबींना जो विनोद साधला नाही तो त्यांना साधला. आणि विनोद हा येथे शैलीचा अलंकार नसून दुःख पचल्याची खूण आहे. ‘निवेदन’ आणि ‘स्मृतिचित्रे’ हे ग्रंथ अभ्यासक्रमात क्वचितच एकत्र नेमले जातात. ते एकत्र वाचले तर गृहत्यागाविषयी आपल्या वाङ्मयाने साठविलेला हळवा आदर बराच ताळ्यावर येईल.

कोसंबींच्या बाजूने जे बोलावयाचे ते त्यांच्या परतण्याविषयी. १९०६ च्या सुमारास भिक्षुवेष उतरवून ते कलकत्त्यात अध्यापनाला लागले आणि गोव्यात जाऊन कुटुंबाशी त्यांनी पुन्हा नाते जोडले. जिन्याच्या हिशेबाने ही उतरण आहे. चीवर सोडणारा भिक्षू पायऱ्या खाली येतो. परंतु ग्रंथाचा सूर येथे पहिल्यांदा स्थिर होतो. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी देऊ केलेले मासिक पन्नास रुपये त्यांनी पत्करले आणि कलकत्त्याचे कितीतरी अधिक वेतन सोडले. हेतू हा की जे आपण इतक्या दुरून आणले ते आपल्या भाषेत पोचावे. ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (१९१४) ते ‘भगवान बुद्ध’पर्यंतचे त्यांचे मराठी लेखन या निर्णयाचे फळ आहे. बुद्धाच्या ओढीने जो घरातून निघाला होता, त्याला अखेर बुद्धाचे काम घरच्या भाषेत सापडले. याला आध्यात्मिक प्रगती म्हणावयाची असेल तर ती एकांतात झालेली नाही. वेतन, बिऱ्हाड, विद्यार्थी आणि मुद्रिते यांच्या गर्दीत झालेली आहे.

ग्रंथाच्या उत्तरार्धावर एक आक्षेप घेता येतो आणि तो योग्य आहे. आश्रयदाते, मित्र, संस्था, पत्रव्यवहार यांच्या नोंदी वाढत जातात आणि अंतरंग मागे पडते. उपकारस्मरणाचे कर्तव्य लेखकाने इतके मनावर घेतले आहे की काही पाने आभारपत्रासारखी झाली आहेत. भाषाही कोरडी. तिच्यात उपमा जवळजवळ नाहीत, आणि भावनेचा प्रसंग आला की वाक्य आखूड होते. मात्र हा कोरडेपणा दारिद्र्यातून आलेला नाही. पाली सुत्तांची सवय झालेल्या माणसाची ती मराठी आहे: घडले ते सांगावे, विशेषण ऐकणाऱ्यावर सोपवावे. आजच्या पुस्तकांच्या दुकानांत आत्मविकासाचे ग्रंथ ज्या उत्साहाने शरीर, मन आणि आत्मा यांची एकाच आठवड्यात शुद्धी करून देतात, त्यांच्या शेजारी हे पुस्तक ठेवले तर ते फार मितभाषी वाटेल.

१९२४ च्या या ग्रंथात १९४७ अर्थातच नाही. प्रकृती पार ढासळल्यावर, आपला देह आता इतरांना भारच होणार असे वाटून कोसंबींनी अन्नत्यागाने जीवन संपविण्याचे ठरविले. गांधीजींच्या सांगण्यावरून एकदा तो बेत सोडला, आणि पुढे सेवाग्राम येथे पुन्हा अन्न सोडून ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माविषयी त्यांना उत्तरकाळी वाटू लागलेली ओढ त्यामागे होती. या मृत्यूचे तेज ‘निवेदना’वर मागाहून पाडून, आरंभीच्या दुबळ्या मुलात अखेरचा तपस्वी पाहण्याची सवय चरित्रकारांना आहे. ती आवरली पाहिजे. नातीने, म्हणजे मीरा कोसंबी यांनी, केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे २०११ पासून हे पुस्तक मराठीबाहेरच्या वाचकांनाही उपलब्ध झाले आहे. त्यांच्यापुढे ते संताचे चरित्र म्हणून न जाता ज्याला काशीत थंडी वाजत होती, ज्याला सिंहली अन्न पचत नव्हते आणि जो घरी पत्र लिहावे की नाही अशा माणसांपैकी एक होता, त्याचे पुस्तक म्हणून जावे हे बरे.