चाकरमानी : शब्दाचा अर्थ राहतो कुठे?

ऑगस्ट २०२५मध्ये, गणपतीच्या तोंडावर, उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी निर्देश दिले : सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ नको, ‘कोकणवासी’ लिहा. आक्षेप असा होता की चाकर म्हणजे नोकर, म्हणून हा शब्दच अपमानाचा.

मला हा युक्तिवाद पटत नाही. आणि मी स्वतः चाकरमानी आहे. गाव बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन. काम पुण्यात, कोड लिहिण्याचं.

‘चाकर’ फारसीतून आला आणि त्याचा अर्थ सेवक, हे खरंच आहे. पण शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद, संमतिपत्र. आज आपण नाराज होऊन देतो तोही राजीनामाच. ‘तेल’ मूळचं तिळाचं. तरी खोबऱ्याचं तेल म्हणताना कुणी अडखळत नाही. आणि ‘नोकरी’? तिच्यात तर नोकर सरळ दिसतो. तरी लग्नाच्या बायोडेटात ‘सरकारी नोकरी’ ठळक अक्षरांत असते. व्युत्पत्तीवरून अपमान ठरवायचा, तर आधी हा शब्द बदलावा लागेल.

मग ‘चाकरमानी’चा अर्थ कुठे आहे? वापरात. माणगाववरून म्हसळामार्गे आलेली एसटी बोर्लीत रिकामी होते आणि ओट्यावरून प्रश्न येतो, “काय चाकरमानी, किती दिवसांची रजा?” यात कमी लेखणं नाही, दिवस मोजणं आहे. गावात राहिलेल्यांनी गाव सोडलेल्यांना दिलेली ही हाक आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांना ती होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, शब्द मात्र उरला. दुकानातल्या, बँकेतल्या आणि आता लॅपटॉपवाल्यालाही लागू झाला.

आता पर्यायाकडे बघू. ‘वासी’ म्हणजे राहणारा. बारा महिने नारळ-सुपारीची वाडी शिंपणारा, होडी घेऊन समुद्रात जाणारा, तो कोकणवासी. मी नाही. ज्या शब्दशः अर्थाच्या कसोटीवर जुना शब्द नापास केला, तिच्यावर नवाही नापास होतो. शिवाय जाणं आणि परत येणं, दोन्ही त्यातून गळून पडतं.

कुणाला ‘चाकरमानी’ खरोखर टोचत असेल, तर ते टोचणंही वापराचाच भाग आहे. ते ऐकायलाच हवं. पण टोचतं नेमकं काय? ‘चाकर’ हलका वाटतो, कारण दुसऱ्याकडे राबणं आपण हलकं मानतो. व्हेरिएबलचं नाव बदललं म्हणून आतली व्हॅल्यू बदलत नाही. किती तरी घरांत ‘कामवाली’ची ‘मावशी’ झाली. तिचा चहाचा कप मात्र अजून वेगळाच असतो.