दुतोंड्या मारुती : एका परिमाणाची अर्थचिकित्सा

पंचवटीत रामकुंडानजीक, गोदावरीच्या पात्रात, दुतोंड्या मारुतीची भव्य मूर्ती उभी आहे. पुराचे पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरून पुराची तीव्रता सांगण्याचा नाशिककरांचा प्रघात आहे. हा वाक्प्रयोग पुष्कळदा पावसाचे माप म्हणूनही वापरला जातो. हे अर्थग्रहण कितपत ग्राह्य आहे, ते पाहणे अगत्याचे आहे.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर बरसतात. माथा ओलांडून पूर्वेस उतरताना तेच वारे तापतात व कोरडे पडतात. म्हणूनच इगतपुरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर नाशिक शहरात सुमारे ७०० मिलिमीटरच. गोदावरी उगम पावते ती घाटमाथ्याजवळच्या ब्रह्मगिरीवर. तेव्हा पंचवटीत नुसती भुरभुर असताना मारुती गळ्यापर्यंत बुडावा, यात विसंगती नाही. मूर्ती जे पाणी मोजते, ते बहुतांशी वरच्या खोऱ्यात पडलेले असते.

पुढे या प्रयोगाचा अर्थ आणखी पालटला. पंचवटीच्या वरच्या अंगास गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. तत्पूर्वी ‘कमरेला पाणी लागले’ या उक्तीतून डोंगरातला पाऊस सूचित होत असे. आता तिच्यात धरणातील साठा आणि तेथून होणारा विसर्ग यांचीही भर पडली आहे. वाच्यार्थ कायम राहिला, व्यंग्यार्थ मात्र बदलला. हा भेद ध्यानी न घेता धरणापूर्वीचे पूर आणि २००८ किंवा २०१९ चे महापूर केवळ मूर्तीच्या अवयवांवरून ताडून पाहिले, तर पावसाविषयीचा निष्कर्ष सदोष ठरेल.

याचा अर्थ हे लोकपरिमाण टाकाऊ आहे, असा नव्हे. पाणी कोठवर चढले, हे ते बिनचूक सांगते. आणि मानवी देहाची मोजपट्टी निरक्षरासही उमगते. काठावर दुकान मांडणाऱ्यास तेवढे ज्ञान मोलाचे असते. परंतु ही साक्ष पाणी आल्यानंतरची आहे. पाणी येण्यापूर्वीची सूचना हवी असेल, तर दृष्टी मूर्तीवरून काढून घाटमाथ्यावरील पर्जन्याकडे आणि धरणाच्या विसर्गाकडे वळवावी लागेल. परिमाणाचा आदर त्याची मर्यादा ओळखण्यातच आहे.