पळाली ती साक्ष

चिन्मय मांडलेकर ह्यांचा 'इन्स्पेक्टर झेंडे' हा हिंदी चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. १६ मार्च १९८६ रोजी पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून चार्ल्स शोभराज तिहार तुरुंगातून पळाला. ६ एप्रिलला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे ह्यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात धरले. १९७१ मध्येही त्यांनीच त्याला मुंबईत पकडले होते. चित्रपटात शोभराजचा कार्ल भोजराज झाला आहे, एवढेच.

गोव्याहून मुंबईला निघालेला महामार्ग पत्रादेवी ओलांडून बांदा, इन्सुली असा वर चढतो. गोव्याच्या दारूसाठी गाड्यांच्या डिक्या उघडणारा नाका आम्हा इन्सुलीकरांच्या रोजच्या पाहण्यातला. त्यामुळे ह्या पाठलागाकडे इकडचा प्रेक्षक ओढला जाणे स्वाभाविक आहे. चित्रपटाचे श्रेयही नाकारण्याचे कारण नाही. मनोज बाजपेयीचा झेंडे हा संसारी, पगारावर जगणारा माणूस आहे. भालचंद्र कदमसारखे नट हाताशी घेऊन दिग्दर्शकाने पोलिसाला देव होऊ दिलेले नाही. ऐटबाज गुन्हेगाराला साधा मराठी माणूस नमवतो, ह्यात गंमत आहे.

परंतु ह्या हसण्यात मेलेले कुठे आहेत? शोभराजला जगाने 'बिकिनी किलर' म्हटले, चित्रपटाने 'स्विमसूट किलर' केले. म्हणजे मारल्या गेलेल्या मुलींची ओळख त्यांच्या अंगावरच्या कपड्यापुरती. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि रस्त्याकडेला झोपलेल्या गरिबांची डोकी फोडणाऱ्या रामन राघवचे तेच झाले. त्याच्या नावाने १९९१ मध्ये श्रीराम राघवन ह्यांनी आणि २०१६ मध्ये अनुराग कश्यप ह्यांनी चित्रपट काढले. त्याचे नाव शीर्षकात गेले. ज्यांची डोकी फुटली त्यांतले एक तरी नाव वाचकाला आठवते काय?

तरी माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. रहस्यकथेचा सांगाडा दोन गृहीतांवर उभा असतो. खुनी नजरेआड आहे, हे पहिले. आणि तो सापडावा अशी समाजाची व शासनाची इच्छा आहे, हे दुसरे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आमच्याही वस्त्यांत भाड्याने आणून वाचली गेली. त्यांत पहिल्या गृहीताशी नाना खेळ होते, दुसऱ्याला कोणी हात लावला नाही. दलित वाचकाला नेमके ते दुसरे खुपते.

नगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका शाळकरी दलित मुलाला मारून झाडाला लटकवण्यात आले. सवर्ण मुलीशी त्याचे बोलणे होते, हा संशय. घटना दिवसाउजेडी, गजबजलेल्या गावातली. आरोपींना अटक झाली, खटलाही उभा राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सगळे आरोपी निर्दोष सोडले. साक्षीदार उलटले होते. आता ह्या प्रकरणात झेंड्यांसारख्या हुशार माणसाने कुठल्या हॉटेलात पाळत ठेवायची? इथे तुरुंगाची भिंत कोणी ओलांडली नाही. पळाली ती साक्ष.

आणि ती का पळाली, हा खरा थरारक विषय आहे. मराठीत कोणी तो लिहायला घेतला तर त्याचा तपासनीस खुन्यामागे धावणार नाही. साक्षीदार कोणाच्या शेतावर मजुरीला जातो, त्याची उधारी कोणत्या दुकानात आहे, पहिल्या जबाबानंतर आणि कोर्टातल्या उलटतपासणीआधी त्याच्या दारात कोण कोण येऊन बसले, हे त्याला शोधावे लागेल. शिवाय तो तपासनीस स्वतः कोणत्या आळीत जेवायला थांबतो, हेही लेखकाला लिहावे लागेल.