निष्ठेचा सातबारा

संपादक म्हणाले, एखाद्या कवितासंग्रहावर लिही. मी म्हणलं, कविता राहू द्या. माझ्या ट्रंकेत कात्रणांचा एक गठ्ठा आहे, मला त्याच्यावर लिहायचंय. ३० जुलै २०२१ ला सांगोल्याचे गणपतराव देशमुख गेले. त्यानंतर आठ-दहा दिवस जे जे छापून आलं ते मी कापून ठेवलं होतं. अग्रलेख, आठवणी, श्रद्धांजलीच्या जाहिराती. मी सूतगिरणीत डॉफर आहे, शाळा दहावीला सुटली, पण वाचायची खोड काही सुटली नाही. पाळी संपल्यावर कुर्डुवाडीच्या फलाटावर बसून मी हा गठ्ठा दोनदा वाचला. हे पण साहित्यच आहे की. त्यात नायक आहे, अलंकार आहेत, ठरलेल्या ओळी आहेत. मग त्याची समीक्षा का नको?

आधीच सांगून ठेवतो, नंतर गैरसमज नको. गणपतरावांविषयी मला आदर आहे. आमच्या रिंग खात्यात सांगोल्याकडचे दोघं आहेत, ते त्यांना अजून आबासाहेबच म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली घेतात. माझं भांडण त्या माणसाशी नाही. त्याच्यावर जे लिहिलं गेलं त्याच्याशी आहे.

माणूस कोण, तर मूळ गाव पेनूर, तालुका मोहोळ. धंद्यानं वकील. शेतकरी कामगार पक्षाचा आमदार. सांगोल्यातून १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, मग १९६७. १९७२ ला पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पडले. मग १९९९, २००४, २००९, २०१४. अकरा वेळा. २०१९ ला स्वतःहून थांबले.

आता कात्रणं. पहिली ठरलेली ओळ, साधेपणा. आबासाहेब एसटीनं फिरायचे. पांढरा सदरा, धोतर, मोठेपणा नाही. खरं असेल, खरंच आहे. पण एक प्रश्न पडतो. माझ्या बापानं उभ्या जन्मात एसटी आणि रेल्वेचा जनरल डबा सोडून दुसऱ्या कशानं प्रवास केला नाही. त्याच्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही. साधेपणा गुण व्हायला आधी थाटाची सोय पाहिजे. ज्याला मोटार मिळत असताना तो एसटीत बसतो, त्याच्या एसटीची बातमी होते. आमची एसटी म्हणजे नुसती एसटी. हे लिहिणारे साहेब साधेपणाचं कौतुक करतात तेव्हा बाकीच्या आमदारांना सोडून देतात, असं मला वाटतं. ज्या गोष्टीचं नवल वाटायला नको त्या गोष्टीचं नवल वाटलं, यातच बाकीच्यांचा हिशोब आला.

दुसरी ओळ, विक्रम. देशात असा आमदार झाला नाही, असं बऱ्याच ठिकाणी आहे. केरळात पाला नावाच्या मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले. तमिळनाडूचे करुणानिधी पण तेरा वेळा, ते मतदारसंघ बदलून. मग हा कसला विक्रम? बातम्यांत चोपन्न वर्षं आमदारकी असंही छापलेलं आहे. मी पाटीवर मांडून बघितलं. ६२ ते ७२ दहा, ७४ ते ९५ एकवीस, ९९ ते २०१९ वीस. एक्कावन्न होतात. एक्कावन्न काय कमी आहेत? त्यात वाढवायचं कशाला? आमच्याकडे बॉबिन मोजताना अशी चूक केली तर जॉबर घरी पाठवतो.

आणि जिथं खरी गोष्ट आहे तिथं ही सगळी मंडळी एका वाक्यात उरकतात. ती म्हणजे पडणं. दोनदा पडले, झालं. मला विचाराल तर गणपतरावांची कारकीर्द वाचायची असेल तर पडलेल्या निवडणुका वाचाव्यात. १९७२ ला इंदिराबाईंची लाट होती. बांगलादेशाची लढाई नुकती झालेली, काँग्रेसला विधानसभेत २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. त्यात सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. ते समजतं. भलेभले वाहून गेले, हे पण गेले. पण १९९५ चं काय? त्या वर्षी राज्यभर काँग्रेस पडत होती, युतीचं सरकार आलं, आणि सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले. फरक किती, तर १९२ मतं. म्हणजे वारं उलटं होतं आणि तरी हे पडले. तेहतीस वर्षं ज्या तालुक्यात काढली तिथल्या १९२ माणसांनी काय विचार केला असेल? ती माणसं कोण, कुठल्या वस्तीतली, काय मागत होती, यावर एकाही कात्रणात एक ओळ नाही. (हेच शहाजीबापू २०२२ ला गुवाहाटीतल्या झाडी-डोंगरांच्या फोनमुळे उभ्या महाराष्ट्राला माहीत झाले. सांगोल्याचं नाव पन्नास वर्षांच्या आमदारकीनं झालं नाही तेवढं एका फोननं झालं. असो.)

तिसरी ओळ, आणि माझं खरं भांडण हिच्याशी. निष्ठा. एक पक्ष, एक झेंडा, मरेपर्यंत. हे खरं आहे आणि मोठं आहे. शेकाप ज्यांनी काढला ते केशवराव जेधे, शंकरराव मोरे पुढे काँग्रेसमध्ये गेले. १९६२ ला ज्या पक्षाचे पंधरा आमदार होते, त्याचे २०१४ ला तीन राहिले. २०१९ ला एक. गणपतराव हलले नाहीत. १९७८ ला पुलोदच्या मंत्रिमंडळात गेले, १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले, ते पण आपल्या पक्षाचे म्हणून गेले. २००२ ला शेकापनं पाठिंबा काढला तेव्हा बाहेर आले. लाल दिवा सोडणं सोपं नसतं. बघतोय आपण आजकाल.

पण निष्ठा हा नुसता स्वभाव असतो का? अग्रलेखवाले तसं लिहितात, जसा एखाद्याचा रंग गोरा असतो तशी एखाद्याची निष्ठा. मला तसं वाटत नाही. पन्नास वर्षं विरोधात बसायचं तर पायाखाली आपली जमीन लागते. गणपतरावांच्या पायाखाली ती होती. वाडीवस्तीवर पक्षाच्या शाखा, कोरडवाहू रानाचा शेतकरी, स्वतःचा धनगर समाज, सूतगिरणी, संस्था. ती त्यांनी उभी केली, कुणी आंदण दिली नाही, हे कबूल. पण उभी करता आली. कुणाच्या दारात तिकिटाला उभं राहावं लागलं नाही. निष्ठेला सुद्धा सातबारा लागतो, दोस्तहो.

आता सातबारा नसलेल्यांची निवडणूक बघा. लांब जायला नको. शेजारचा पंढरपूर लोकसभा मतदारसंघ, राखीव. तिथून काँग्रेसचे संदिपान थोरात १९७७ पासून १९९८ पर्यंत सलग सात वेळा खासदार झाले. सात वेळा! जनता लाटेत निवडून आले, पुढच्या सगळ्या उलथापालथीत निवडून आले. मी रिंग खात्यात पाळीवर सात जणांना विचारलं, थोरातसाहेब कोण. दोघांना नाव आठवलं. त्यातल्या एकाला पक्ष आठवला नाही. गणपतराव अकरा वेळा म्हणून दंतकथा होते आणि थोरात सात वेळा म्हणून आकडा राहतो. का? आमचे लोक म्हणतील, जात. जात आहेच. पण नुसती जात म्हणून सोडून दिलं तर आपण पण कात्रणवाल्यांसारखेच आळशी. थोरातांची मतं काँग्रेसची होती, काँग्रेस गावोगावच्या पाटलांची आणि कारखानदारांची होती. मतदारसंघ राखीव, मतं मात्र दुसऱ्याच्या दावणीची. माणूस सात वेळा निवडून येतो आणि त्याच्या नावाचा एक गट, एक वस्ती, एक शाखा मागं राहत नाही. पराभवच झाला नाही, म्हणून झुंजही दिसली नाही. मग १९९९ आणि २००४ ला तिथून रामदास आठवले आले. तेव्हा आमच्या वस्तीत निळे झेंडे लागले होते, आज्जी सांगते. २००९ ला पुनर्रचना झाली, पंढरपूर मतदारसंघच गेला, त्याच्या जागी खुला माढा आला, राखीव जागा सोलापूरला. आठवले शिर्डीला गेले आणि पडले. माढ्यातून शरद पवार खासदार झाले. आपल्या माणसाचा मतदारसंघ नकाशावरून पुसला जातो तेव्हा त्यानं निष्ठा कुठं ठेवायची? खिशात?

मोहोळ बघा, गणपतरावांच्या मूळ गावाचा तालुका. २००९ पासून विधानसभेला राखीव. २००९ ला लक्ष्मण ढोबळे, २०१४ ला रमेश कदम, २०१९ ला यशवंत माने, २०२४ ला राजू खरे. चार निवडणुका, चार आमदार. वर सगळे म्हणतात राखीव जागेवरची माणसं टिकत नाहीत, त्यांना मतदारसंघ बांधता येत नाही. बांधू देतं कोण? दर पाच वर्षांनी भाडेकरू बदलावा तसा उमेदवार बदलतो आणि घराचा मालक तोच राहतो.

आमच्या कुर्डुवाडीचं पण सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल दुसऱ्याच्या तालुक्यावर तोंडसुख घेतो. आम्ही माढा विधानसभेत. इथं बबनराव शिंदे १९९५ पासून २०१९ पर्यंत लागोपाठ सहा वेळा. मला कळायला लागल्यापासून आमदार म्हणजे ते, दुसरं नाव माहीत नव्हतं. आमच्याकडे उजनीचं पाणी, पाण्यावर ऊस, उसावर कारखाना, कारखान्यावर आमदारकी. सांगोल्यात पाणी नाही, म्हणून पाण्यासाठी भांडणारा आमदार. गणपतराव नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत दुष्काळी तालुक्यांसाठी लढले, टेंभू-म्हैसाळचं पाणी मागत राहिले. म्हणजे गंमत बघा, पाणी आलं तरी आमदार टिकतो आणि पाणी आलं नाही तरी टिकतो. दोन्ही आमदार मी एका तागडीत घालत नाही. एकाकडे ऊस होता, दुसऱ्याकडे मागणी होती. पण आमच्या वस्तीच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीकडे आम्ही मोजायच्या वेळी असतो आणि वाटायच्या वेळी नसतो.

माझ्या आज्जीचं माहेर सांगोला तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. आजही तिच्या डाव्या हाताचं बोट वाकडं आहे. मी तिला कात्रणं वाचून दाखवली. ती सगळं ऐकून घेती, मधी बोलत नाही. शेवटी म्हणली, "आबा चांगला माणूस व्हता. खोटं नगं बोलाया. पर रान कुणाचं भिजलं ती इचार." मग पदरानं तोंड पुसलं आणि चुलीकडं गेली. गठ्ठ्यातल्या एकाही संपादकाला हा प्रश्न सुचला नाही. पाण्याची योजना म्हणजे ज्याला रान आहे त्याची योजना. ज्याला रानच नाही त्याच्यापर्यंत पाणी मजुरी होऊनच येतं. सांगोल्यात डाळिंबं लागली, भगव्याला परदेशात गिऱ्हाईक मिळालं, आज्जीच्या भावाची पोरं छाटणीला आणि फवारणीला जाऊ लागली. मग बागांवर तेल्या आला, मर आली, बागा गेल्या. शेतकऱ्याची बाग गेली, ते पेपरात आलं. छाटणीवाल्याचा रोजगार गेला, ते कुठं आलं नाही. पक्षाच्या नावात शेतकरी आहे, कामगार आहे. शेतमजूर कुठंय? मी गिरणीत आलो म्हणून आता त्या नावात मावतो. माझी आज्जी कधीच मावली नाही. १९५९ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, संयुक्त महाराष्ट्राच्या समितीत शेकाप आणि आपली माणसं एका मांडवात होती. त्या मांडवातून जमिनीचा प्रश्न कुठं गेला, यावर कुणीतरी अभ्यासानं लिहायला पाहिजे. माझ्याच्यानं पाळी सांभाळून ते होत नाही.

आणि आता शेवटचं कात्रण, हे नवीन आहे. २०१९ ला आबासाहेब थांबले तेव्हा शेकापनं उभा केला त्यांचा नातू, डॉ. अनिकेत. ७६८ मतांनी पडला. जिंकले तेच शहाजीबापू. २०२४ ला उभा केला दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब. तो पंचवीस हजारांच्या वर मतांनी जिंकला, आणि आज अख्ख्या विधानसभेत शेकापचा तो एकटा आमदार आहे. त्याच वर्षी आमच्या माढ्यात बबनरावांचा मुलगा रणजितसिंह अपक्ष उभा राहिला आणि अभिजित पाटलांकडून पडला. सांगोल्याच्या निकालावर कात्रणवाल्यांनी लिहिलं, निष्ठेचा वारसा. सांगोला तर खुला मतदारसंघ. खुला म्हणजे कायद्यानं सगळ्यांना खुला, आमच्या वस्तीला पण. पन्नास वर्षं ज्यांनी आबासाहेबांच्या सभेच्या सतरंज्या घातल्या, बूथवर बसले, १९९५ च्या पराभवादिवशी जेवले नाहीत, त्यांच्यातल्या एखाद्या शेतमजुराचं नाव नातवाच्या आधी कुणाच्या तोंडी आलं होतं काय? सांगोल्याच्या त्या दोघांना मी हे विचारलं. एक काहीच बोलला नाही. दुसरा म्हणला, पाळीचा भोंगा झाला, चल.